जहाज बससाठी थांबतं

"मी नाही येत या बसनं," धाकटी म्हणाली आणि पायरीवर टाकलेला पाय तिनं मागे घेतला.

मागे जहाजातून उतरलेल्या प्रवाशांची रांग तुंबली. तिच्या पाठीशी तिचा नवरा होता, गळ्यात कॅमेरा, खांद्याला भलीथोरली पिशवी. नवऱ्याचं बोट धरून एका पायावर उड्या मारणारी त्यांची लेक भिंगरी होती... आणि समोर, बसच्या दारात, हातात अकरा नंबरची पाटी उंच धरून उभी होती अक्का. धाकटीची सख्खी मोठी बहीण. नऊ वर्षांत दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि त्यातली सहा वर्षं आवाजही ऐकला नव्हता.

"अगं, पण नावं दिलीयत आपण," नवरा मागून म्हणाला. "हट्टानं दिलीयत. लेकीला तुझं गाव दाखवायचं म्हणून."

"मग दाखवतील की या बाई. पढवलेलं सगळं म्हणून दाखवतील." धाकटीनं अक्काच्या डोळ्यांत थेट बघितलं आणि आवाज इतका खाली आणला की तो त्या दोघींतच राहिला. "बस बदलून घेतलीस ना? आमची नावं बघून?"

अक्कानं पाटी खाली घेतली. बोलायला होतंच काय? खरंच होतं ते. तिच्या वाट्याला आज समुद्रकिनाऱ्याची सोपी फेरी आली होती; दुसऱ्या गाइडच्या हातापाया पडून तिनं ही अकरा नंबरची बस मागून घेतली होती. नुसतं बघायला मिळेल म्हणून. दिवसभर एका छताखाली बसायला मिळेल म्हणून...

"बघ," धाकटी म्हणाली. "अजून तूच ठरवतेस, मी कुठं बसायचं ते."

आणि ती गेली. धक्क्यावरच्या गर्दीतून, टॅक्सीवाल्यांच्या हाका चुकवत, गळ्याभोवतीचा पिवळा रुमाल सावरत गेली. लहानपणी रुसून जायची तश्शीच, खांदे वर काढून.

अक्कानं माइक हातात घेतला. आवाज सवयीनं निघाला.

"सुप्रभात मंडळी. ज्यांना स्वतःचं स्वतः फिरायचंय त्यांनी खुशाल फिरावं, गाव सुंदर आहे, हरवलात तरी कंटाळणार नाही. फक्त एक लक्षात असू द्या. साडेचारला जहाज सुटतं. ते आपल्या बससाठी थांबतं. सुट्या माणसासाठी थांबत नाही."

लोक हसले. रोजच हसायचे.

आता एकच काम राहिलं होतं. बस सोडून कुणी उतरलं तर गाइडनं धक्क्यावरच्या अधिकाऱ्याला फोन करून कळवायचं, "एक कमी." मग ते माणूस सुटं. त्याची जबाबदारी त्याच्यावर. दोन शब्दांचं काम, अक्कानं शेकडो वेळा केलेलं. तिनं फोन काढला, नंबर लावला... पलीकडून "बोला" आलं, आणि ते दोन शब्द तिला म्हणवेनात.

"अकरा नंबर निघतेय," एवढंच ती म्हणाली.

थांबा पहिला. जुनी जकातीची इमारत.

"तुमच्या डाव्या हाताला जकातीची इमारत. भिंती बघा किती जाड आहेत. आत उन्हाळा कळत नाही, असं म्हणतात."

(याच भिंतीशी धाकटी बॅग घेऊन उभी होती, जायच्या दिवशी.)

"खिडक्या मुद्दाम अरुंद ठेवल्यात. चोरांना हात घालता येऊ नये म्हणून."

(बाबांना झटका येऊन वर्ष झालं होतं. उजवी बाजू गेलेली, बोलणं गेलेलं. बंदरावरचा सगळ्यात बोलका गाइड, आणि जीभ गेली! त्यांची पाटी अक्कानं उचलली होती. धाकटीला परदेशातल्या प्रयोगशाळेत जागा मिळाली होती, आणि ती बॅग भरायची, उपसायची. भरायची, उपसायची. "अक्का, तुला एकटीला नाही झेपणार. मी नाही जात." तिसऱ्यांदा बॅगेतले कपडे बाहेर यायला लागले तेव्हा अक्का दारात उभी राहून म्हणाली होती, "जा तू. बाबांचं मी बघीन. तुझी इथं अडगळच होतेय. गेलीस तर एक तोंड कमी.")

"फोटो काढायचे असतील तर दहा मिनिटं थांबू."

ते शब्द कसे उच्चारले होते तिनं? काळीज दगडाचं करून, दातांत जीभ धरून... आणि आत जाऊन बाबांच्या उशाशी तोंड दाबून ती किती रडली होती, हे फक्त बाबांना ठाऊक. त्यांना सांगता येत नव्हतं.

थांबा दुसरा. दीपगृह.

दीपगृहाच्या आवारात भिंगरी रांग सोडून पळाली. अक्का मागे गेली. पोरगी कठड्याखालच्या खडकातला खेकडा बघत होती.

"रांगेत यायचं, बाळा."

"आई म्हणते, रांगेत चालणाऱ्याला फक्त पुढच्याची पाठ दिसते."

"असं म्हणते का आई?"

"हो. गाइडबाई, तुम्हाला सगळं पाठ आहे?"

"आहे."

"मग तुम्ही कशाला बघता?"

पोरीची हनुवटी हुबेहूब बाबांची होती, मधोमध खळी. हात पुढे झाला, हनुवटीपर्यंत गेला आणि परत आला. या पोरीच्या जन्माची बातमी अक्काला तिसऱ्याकडून कळली होती. तिच्यासाठी आणलेलं झबलं अजून कपाटात होतं. आता ते तिच्या बाहुलीलाच आलं असतं.

"त्रास देतेय का?" नवरा धापा टाकत आला. चांगला माणूस दिसत होता. सगळ्यांची पिशवी आपणच उचलायची खोड असलेला. "हिची आई असती तर ही सरळ असती. म्हणजे, आई असली की ही सरळ, आणि ही असली की आई सरळ."

"त्या आल्या नाहीत?" अक्कानं विचारलं. चौकशी करण्याचा तिला पगारच होता.

"तिचं गाव हे. मला वाटलं, खूश होईल. सगळं उलटंच झालं." त्यानं मान हलवली. "इथं तिचं कोणी नाही आता. म्हणजे एक बहीण आहे. पण तिचं नाव काढलं की आमच्याकडे दोन दिवस भांडी आपटतात, म्हणून मी काढत नाही. कधी भेटलो नाही, फोटोसुद्धा बघितला नाही. एकदा कपाट आवरताना सापडलेला, तर हातातून ओढून घेतला हिनं."

"फाडला?"

"नाही हो. परत ठेवला. अजून आत, कपड्यांच्या खाली."

अक्कानं तोंड समुद्राकडे फिरवलं. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतं, हे दीपगृहावर कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

"मला काळजी आहे ती आईची," तो म्हणत होता. "माझी आई आहे जहाजावर, केबिनमध्ये. तिला आता काही आठवत नाही. मलाही कधी ओळखते, कधी 'हा कोण मेला' म्हणते. हिला मात्र सोडत नाही. हिला ती आपली बहीण समजते, लहानपणी वारलेली. आणि ही पण... आई 'ताई' म्हणाली की ओ देते. आई हिच्याच हातून खाते, हिचाच हात धरून झोपते. जहाज सुटताना भोंगा वाजतो ना, तेव्हा आई इतकी घाबरते, की हिचा हात हवाच. नाहीतर किंचाळते, ओरबाडते. सध्या तिथली नर्स बसलीय."

अक्का ऐकत राहिली. ज्या खाटेपासून, ज्या भांड्यापासून, ज्या ओल्या चादरींपासून तिनं धाकटीला शिव्या घालून हाकललं होतं, तीच खाट धाकटीनं सातासमुद्रापार जाऊन आपल्या हातानं मांडून घेतली होती! आणि कुणी सांगितलं म्हणून नाही. स्वतःहून.

"फोन करून बघा ना त्यांना," ती कशीबशी म्हणाली.

"तिचा फोन माझ्याच पिशवीत राहिलाय."

थांबा तिसरा. टेकडी.

टेकडीवरून सगळं गाव दिसतं: बंदर, बाजार, कौलं, आणि कौलांच्या रांगेत शिंप्याच्या दुकानावरचं अक्काचं घर. रोज प्रवाशांना गाव दाखवताना अक्का त्या घराकडे बघायचं टाळायची. आज तिनं आधी तिकडेच बघितलं.

गॅलरीचं दार उघडं होतं. आणि बाबांच्या खुर्चीवर एक पिवळा ठिपका होता.

"मंडळी, हे बंदर... हे बंदर खूप..."

किल्ली शिंप्याकडे असते हे धाकटीला आठवलं असणार; शिंप्यालाही धाकटी आठवली असणार. ती घरात गेली होती. बसली होती. अक्का कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची, परत यायची, पुन्हा वळून बघायची. पिवळा ठिपका हलत नव्हता. लोकांनी फोटो काढले, सरबत प्यायले, पोरांना हाका मारल्या, बसमध्ये बसले. ठिपका तिथेच.

ऊठ गं, अक्का मनात म्हणाली. ऊठ, उशीर होतोय.

नको उठूस, तीच म्हणाली. बस. बसूनच राहा.

थांबा चौथा

झाला नाही. बाजार दाखवायचा होता. अक्कानं ड्रायव्हरला सांगितलं, सरळ धक्क्यावर घे. पन्नास माणसांनी कुरकुर केली. करू देत.

धक्का.

धाकटी धक्क्यावर नव्हती. बसमधली माणसं एकेक करून जिन्यावरून जहाजात चढली. राहिले फक्त तिघं: तो, भिंगरी आणि पाटी धरलेली अक्का. साडेचार होत आले होते, जिन्याची साखळी लावायला खलाशी येऊन उभा राहिला होता.

"सगळे आले?" अधिकाऱ्यानं विचारलं.

बघा आता, किती सोपं होतं ते. सकाळी फोनवर न सांगितलेलं आता सांगायचं. "एक बाई सकाळीच सुट्या झाल्या, सांगायचं राहिलं." एक वाक्य. जहाज भोंगा वाजवून निघून जाईल, आणि धाकटी इथं राहील. आज इथं राहील! तिच्याच घरात, बाबांच्या खोलीत. रागावू दे, थोबाडीत मारू दे, पण राहील. नऊ वर्षं जिच्या पावलांसाठी जिन्यावरचा दिवा अक्कानं कधी मालवला नव्हता, ती आपल्या पायांनी आत बसलेली होती, आणि तिला ठेवून घ्यायला अक्कानं काही करायचंही नव्हतं. फक्त खरं बोलायचं होतं.

वर, जहाजाच्या पोटात कुठेतरी, एक म्हातारी बहिणीचा हात शोधत असेल.

"नाही," अक्का म्हणाली. "माझी बस पुरी नाही. एक बाकी आहे."

"बाकी म्हणजे? कुठं आहे?"

"चूक माझी आहे. मी जाऊन घेऊन येते. बस आत आली असं धरू नका."

अधिकाऱ्याचा चेहरा लालबुंद झाला. "बाई, अख्खं जहाज उभं राहील. याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला?"

"वीस वर्षं कळतोय. बाबा गाइड होते तेव्हापासून."

मग ती धाकटीच्या नवऱ्याकडे वळली. तो पिशवी छातीशी धरून, बावरून उभा होता.

"तुम्ही वर जा. आईंपाशी बसा. त्यांना सांगा, बहीण येतेय."

"पण तुम्हाला कसं माहीत ती कुठं..."

"माझ्याच घरी आहे ती." अक्काचा आवाज पहिल्यांदा फुटला. "मी तिची अक्का."

तो बघतच राहिला. मग त्याला काय सुचलं कोण जाणे, गर्दीत, खलाशांसमोर, तो वाकला आणि तिच्या पायांना हात लावून भिंगरीला घेऊन जिना चढून गेला.

घर.

धाकटी खुर्चीतून उठली नाही.

"जहाज गेलं?"

"नाही."

"वेळ तर झाली."

"थांबवलंय."

"कुणी?" विचारलं आणि तीच हसली, कडवट. "हो, कुणी काय. दुपारपासून बसलेय मी इथं, अक्का. घड्याळ बघत. मनाशी म्हटलं, चुकू दे. एकदा तरी माझ्या हातानं काहीतरी चुकू दे. ते पण नाही करू दिलंस."

अक्का दारातच थांबली. स्वतःच्या घरात तिला आत जायचं धाडस होईना.

"तीन आठवडे," धाकटी म्हणाली. ती उठली, खोलीत येरझारा घालू लागली. "तीन आठवडे मी फोनवर विचारत होते, बाबा कसे आहेत. तू म्हणायचीस, झोपलेत. रोज. झोपलेत. मी म्हणायचे, कानाला फोन लाव, तू म्हणायचीस, नको, आत्ताच डोळा लागलाय. माणूस जाऊन तीन आठवडे झाले होते!"

"आधीची दोन बाळं राहिली नव्हती तुझी. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी तुला हलायला बंदी केलेली. तुला धक्का बसला असता, पोटातलं..."

"मला माहितेय का केलंस ते. कारण नको सांगूस. कारणं तुझी नेहमीच चांगली असतात." धाकटी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "पण रडायचं की नाही, हे मी ठरवायचं होतं. बाबा माझेही होते."

अक्कानं तोंड उघडलं. सहा वर्षं घोटून ठेवलेली उत्तरं ओठांशी आली: तुझ्यासाठी केलं, बाळासाठी केलं, मी एकटीनं सोसलं... त्यातलं एकही खोटं नव्हतं, आणि एकही कामाचं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "ते तू ठरवायचं होतंस."

धाकटी थबकली. हे तिला अपेक्षित नसावं. भांडायला उगारलेला हात हवेतच राहावा तशी ती उभी राहिली, आणि मग तिचा चेहरा हळूहळू विरघळत गेला.

"आणि एक तोंड कमी? ते?"

"ते खोटं होतं गं. तू बॅग तिसऱ्यांदा उपसत होतीस. मला दुसरं काही सुचलं नाही."

"मला कळलं होतं," धाकटी म्हणाली.

"काय?"

"तेव्हाच कळलं होतं मला. तुला खोटं बोलता येतं कुठं? कानाच्या पाळ्या लाल होतात तुझ्या. मला कळलं होतं की तू मला मोकळी करतेयस, आणि तरी मी गेले. कारण मला जायचं होतं, अक्का. मला या खोलीतून, या वासातून पळून जायचं होतं. तू दार उघडलंस आणि मी पळाले. तू खरंच दुष्ट आहेस असं धरून चालले, म्हणजे मला... म्हणजे मला बरं वाटेल." ती भिंतीला टेकली आणि हुंदक्यांनी तिचं सगळं अंग हलू लागलं. "तुझ्यावरचा राग संपला असता तर उरलं काय असतं माझ्याकडे?"

अक्का धावत जाऊन तिला कवेत घेणार होती. पाय निघालाही होता. पण ती थांबली. आयुष्यात पहिल्यांदा थांबली.

"खाली बस उभी आहे," ती म्हणाली. "दार उघडं आहे. राहायचं असेल तर मी जाऊन सांगते, जाऊ द्या जहाज. यायचं असेल तर ये. तुझ्या सासूबाई हात शोधत असतील, हे मी तुला सांगतेय, कारण ते तुला माहीत असायला हवं. त्यापुढं मी काही बोलणार नाही."

आणि ती खरंच बोलली नाही. बाबांच्या खाटेच्या काठावर, हात मांडीत घेऊन बसली. न बोलणं किती अवघड असतं! जीभ आपोआप वळत होती, उशीर होतोय म्हणायला, रुमाल नीट घे म्हणायला, पोरीचा विचार कर म्हणायला, राहा गं म्हणायला... तिनं सगळं गिळलं. खाली शिंप्याचं मशीन खडखडत होतं, थांबत होतं, पुन्हा खडखडत होतं.

धाकटी न्हाणीत गेली. नळाचा आवाज आला. तोंड धुऊन ती बाहेर आली आणि अक्काच्या शेजारी बसली, अगदी खेटून.

"इतकी बारीक का झालीस?" तिनं विचारलं.

"तू जाड झालीस म्हणून तसं दिसतंय."

दोघींनाही हसू आलं, आणि हसता हसता दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

थोड्या वेळानं धाकटी उठली. "चल. आई घाबरल्या असतील. मीच जाते, तू नेतेयस म्हणून नाही."

"नाही नाही," अक्का म्हणाली.

धक्का, पुन्हा.

जहाजाच्या प्रत्येक कठड्यावर माणसं होती. काही टाळ्या वाजवत होते, काही शिव्या देत होते, एकजण नुसताच शिट्टी मारत होता. अधिकारी जिन्यापाशी उभा होता. त्यानं हात पुढे केला, आणि अक्कानं छातीवरचा बिल्ला काढून त्याच्या हातावर ठेवला.

धाकटी एक पायरी चढून वळली. "ते काय घेतलं त्यानं?"

"काही ना..." अक्काची जीभ सवयीनं निघाली, आणि अर्ध्यावर अडली. समोर धाकटी बघत होती. वाट बघत होती. "बिल्ला घेतला. जहाजाला उशीर करणाऱ्या गाइडला पुन्हा काम देत नाहीत. उद्यापासून मला काम नाही."

धाकटीचे डोळे भरून आले. पण ती 'का केलंस' म्हणाली नाही. खाली उतरली, अक्काचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला कपाळ टेकवून क्षणभर उभी राहिली.

"सांगितलंस," ती म्हणाली. "बरं झालं, सांगितलंस."

वरून भिंगरी ओरडली, "आई, गाइडबाई का रडतेय?"

"गाइडबाई नाही ती. मावशी आहे तुझी."

"खरी?"

"खरी."

भोंगा वाजण्याआधी धाकटी धावत वर गेली.

कुठलाच थांबा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का घरातून बाहेर पडली आणि कुठं जावं ते तिला कळेना. मागे कुणी नव्हतं. दोनदा तिनं सवयीनं वळून बघितलं. बाजारातून गेली, परत फिरली, न पाहिलेल्या एका बोळात शिरली, तिथून घाटावर निघाली, जरा बसली, पुन्हा उठली. पाय एका जागी ठरत नव्हते. इतक्यात फोन वाजला. पुढच्या बंदरावरून.

"कशी आहेस?" धाकटीनं विचारलं.

मजेत आहे, असं अक्का म्हणणार होती. ती भिंतीला टेकली.

"बरी नाहीये गं. रात्रभर झोप नाही. बाबांनंतर ते कामच माझी सोबत होती. आता काय करायचं माहीत नाही, आणि भीती वाटतेय."



"थांब हां, ठेवू नकोस," धाकटी म्हणाली. "आईंना भरवतेय. दोन घास राहिलेत, मग सगळं सांग मला. सगळं."

अक्का फोन कानाशी धरून उभी राहिली. चमच्याचा वाटीवर आवाज झाला. मग एक म्हातारा, चिरका, संशयी आवाज आला: "कोण आहे गं फोनवर? कुणाशी बोलतेस मघापासून?"

"माझी बहीण आहे," धाकटी म्हणाली.

"मग मी कोण?"

"तुम्ही पण. आ करा बघू."